मधाच्या कोल्श बिअरला जास्त पैसे द्यावेत का?

तुमचा प्रश्न असा आहे: अमेरिकेत मध घातलेली कोल्श, म्हणजे जर्मनीतल्या कोलोन शहराच्या पद्धतीची हलकी बिअर, घेतली, साध्या कोल्शपेक्षा तीन डॉलर जास्त मोजले, पण गोड लागलीच नाही. फसवणूक झाली का?

नाही झाली. गोड लागली असती तर मला शंका आली असती.

हे मला इतकं लागतं त्याला कारण आहे. माझे मामा महाबळेश्वरजवळच्या एका गावात सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवायचे. सुट्टीत मी त्यांच्या ओसरीवर मधाच्या बाटल्या विकायला बसायचे. पर्यटक यायचे, करंगळीवर थेंब घ्यायचे आणि तोंड वाकडं करायचे. “कडवट लागतोय, भेसळ दिसते.” तो जांभळाचा मध असायचा, काळसर आणि जरा तुरट. तो असतोच तसा. थंडीत मध थिजला की “खाली साखर बसलीय” म्हणून बाटली परत करायचे. मामा काही न बोलता ती फळीवर ठेवून द्यायचे. मला मात्र त्याचा राग अजून येतो.

गेल्या जूनमध्ये दादा वाईहून आमच्याकडे पोर्टलंडला आला. इथल्या एका लहान ब्रूअरीच्या दोन्ही कोल्श मी आणून ठेवल्या होत्या. साधीचे सहा कॅन ११ डॉलरला, मधाचीचे १४ ला. दादाने फ्रिजमधून मधाची काढली, कॅन तसाच तोंडाला लावला आणि दोन घोटांत निकाल दिला: “अगं, यात मध कुठंय? फसवलं तुला.” अगदी त्या पर्यटकांचाच सूर. तेही मामांच्या सख्ख्या भाच्याच्या तोंडून.

मी त्याच्या हातातला कॅन काढून घेतला. दोन ग्लासांत दोन्ही ओतल्या आणि दहा मिनिटं त्याला हात लावू दिला नाही. बर्फासारख्या गार बिअरचा वास कळत नाही, आणि कॅनच्या भोकातून तर मुळीच नाही. कोलोनमध्ये मी दोन वर्षं नोकरीला होते. तिथे कोल्श २०० मिलिलिटरच्या उभ्या, सडपातळ ग्लासात देतात. क्योबेस, म्हणजे तिथला वेटर, ग्लास रिकामा झाला की न विचारता दुसरा ठेवतो आणि ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने रेघ मारतो. पुरे झालं की तो पुठ्ठा ग्लासावर ठेवायचा. एवढा लहान ग्लास अशासाठी की ही बिअर नाजूक आहे, ताजी असतानाच संपायला हवी. यीस्ट एलचं, म्हणजे जरा उबेत आंबवणाऱ्या बिअरचं, पण नंतर लागरसारखी, म्हणजे थंडीत तयार होणाऱ्या बिअरसारखी, गारव्यात मुरवलेली. फळाचा पुसट वास आणि स्वच्छ, कोरडी चव. एवढ्या साध्या बिअरमध्ये मध लपत नाही. जर्मनीतल्या बव्हेरियाच्या १५१६ च्या बिअरच्या नियमात जव, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी एवढंच बसायचं, आणि १९८६ च्या करारानंतर कोल्श हे नावसुद्धा कोलोनच्या परिसरातल्या ब्रूअरींपुरतं राखलेलं आहे. त्यामुळे कर्मठ जर्मन माणूस तुमच्या कॅनला कोल्श म्हणणार नाही. मला मात्र मधाचा हा प्रयोग मनापासून आवडतो.

दादाने मधाच्या ग्लासात नाक घातलं आणि बराच वेळ तसाच राहिला. मग म्हणाला, “मेणाचा वास येतोय.” तोच मध! त्यातली साखर यीस्टने खाल्लेली असते. मधात सुमारे ८० टक्के साखर असते, बहुतेक फ्रुक्टोज आणि ग्लुकोज, आणि यीस्ट ती जवळजवळ सगळी संपवतं. म्हणून मधाने बिअर गोड होण्याऐवजी आणखी हलकी आणि कोरडी होते. मागे राहतो तो फुलांचा, पोळ्याचा वास. उकळताना मध घातला तर तो वासही वाफेबरोबर जातो, म्हणून जाणकार ब्रूअर आच बंद केल्यावर किंवा आंबवण चालू असताना मध घालतो. मध माल्टपेक्षा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवापेक्षा, कितीतरी महाग असतो. जास्तीचे पैसे त्याचे.

दादाला हे पटलं नाही. “तू सांगितलंस म्हणून वास आला. आणि नुसत्या वासाला तीन डॉलर?” हो, वासालाच! आंबेमोहोराला आपण जास्त पैसे कशाचे देतो? पोट तर कोलमनेही भरतं. दादाच्या घरी वर्षभर आंबेमोहोरच शिजतो, हे मी त्याला त्या रात्री तीनदा ऐकवलं.

तुम्ही असं करा. दुसऱ्या कुणाला तरी तीन ग्लास भरायला सांगा, दोनांत साधी आणि एकात मधाची, किंवा उलट. तुम्हाला काही न सांगता. तिसरा वेगळा ग्लास दोन-तीन वेळा बरोबर ओळखलात तर पैसे वसूल. नाही ओळखता आला तर साधी घ्या, त्यात कमीपणा नाही. दादा पुन्हा येईल तेव्हा मी त्याच्यापुढे हेच मांडणार आहे.

दोन गोष्टी मात्र तपासा. घटकांत खरा मध आहे ना? हनी माल्ट नावाचा एक माल्ट असतो, त्यात मधाचा थेंबही नसतो. त्याच्यावर भागवून कॅनवर मधमाशी छापली असेल तर तुमची तक्रार रास्त आहे. आणि कॅनच्या बुडाशी भरल्याची तारीख बघा. चार-पाच महिने दुकानात पडून राहिलेल्या कॅनमधला वास गेलेला असतो, आणि मग ते तीन डॉलर खरंच वाया गेले.