पाठीचं ऑपरेशन, मग पोटात का दुखतंय?

प्रश्न : माझ्या 14 वर्षांच्या लेकीचा वाकडा कणा ऑपरेशन करून सरळ केला. चौथ्या दिवशी पोटात कळा, उलट्या. डॉक्टर म्हणतात, स्वादुपिंडाला सूज आलीय. मी भरवलेल्या पेजेने तर झालं नाही ना?

उत्तर : ताई, पेजेचा काहीही संबंध नाही, ते आधी मनातून काढा. स्वादुपिंड पोटात असलं तरी कण्याच्या अगदी पुढ्यात आडवं असतं. लांबलेल्या ऑपरेशनमध्ये रक्त जातं, रक्तदाब उतरतो, स्वादुपिंडाचा रक्तपुरवठा कमी पडू शकतो. अंगाने बारीक मुलांना हा धोका जास्त.

माझ्या वॉर्डात एक मुलगा उशी पोटाशी कवटाळून पडून असायचा. सगळ्यांना वाटलं, टाके दुखताहेत. रक्तातलं लायपेज (स्वादुपिंडात तयार होणारं पाचक द्रव्य, सूज आली की रक्तात वाढतं) तपासलं, ते नेहमीच्या मर्यादेच्या 3 पटींहून जास्त! सलाइन, वेदनाशामक आणि उलट्या थांबल्यावर थोडंथोडं खाणं, एवढ्यावर तो बरा झाला. बहुतेक मुलं अशीच सावरतात.

मात्र उलटी हिरवी असेल तर लगेच सांगा. कणा सरळ झाल्यावर कधीकधी लहान आतड्याची सुरुवात दाबली जाते; ते वेगळं दुखणं, त्याचे उपचारही वेगळे. आणि लेक जेवत नाही म्हणून रागावू नका हो, तिला खरंच जात नसतं.