वाचकांचे प्रश्न : ‘ओळखीचा माणूस’ आणि परदेशातली नोकरी

प्रश्न : मी २७ वर्षांचा असून आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला आहे. सध्या लोटे येथील औद्योगिक वसाहतीत एका ठेकेदाराकडे काम करतो. आमच्या पंचक्रोशीतले एक गृहस्थ मुंबईच्या एका एजन्सीमार्फत मुलांना कतारला पाठवतात. त्यांनी मला दोह्यातील एका कंपनीचे ऑफर लेटर आणून दिले असून एकूण १ लाख ३५ हजार रुपये खर्च सांगितला आहे. त्यातले ४० हजार रोख आणि मूळ पासपोर्ट या आठवड्यात द्यायचा आहे. ‘आधी बिझनेस व्हिसावर जा, महिन्याभरात कंपनी तिकडेच वर्क व्हिसा करून देईल,’ असे ते म्हणतात. त्यांनी पाठवलेली दोन मुले तिकडे व्यवस्थित आहेत आणि घरच्यांचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे. ऑफर लेटरची प्रत सोबत जोडली आहे. पैसे भरावेत का?
— एक वाचक, ता. खेड, जि. रत्नागिरी

उत्तर : या आठवड्यात पैसे भरू नका आणि मूळ पासपोर्टही हातून सोडू नका. कारणे आपण पाठवलेल्या कागदातच आहेत, म्हणून आधी तो कागद पाहू.

ऑफर लेटरवर आपला मूळ पगार महिना ९०० रियाल लिहिला असून राहणे आणि जेवण कंपनीचे, असे म्हटले आहे. कतारमध्ये मार्च २०२१ पासून सर्व कामगारांना लागू असलेले किमान मूळ वेतन १,००० रियाल आहे आणि राहण्याची व जेवणाची सोय मालक करत नसेल तर त्यासाठी अनुक्रमे ५०० व ३०० रियाल वेगळे द्यावे लागतात. म्हणजे सोय कंपनीने केली तरी ९०० हा आकडा कायद्यात बसत नाही. जी कंपनी खरोखर दोह्यात माणसे कामाला ठेवते, तिच्या कचेरीतून असा कागद सहसा बाहेर पडणार नाही. हुद्द्याच्या रकान्यात ‘इलेक्ट्रिशियन किंवा गरजेनुसार’ असे आहे. या ‘गरजेनुसार’चा अर्थ तिथे उतरल्यावर कळतो आणि तो बहुधा हातात पाना-पक्कड न देता फावडे देणारा असतो. कंपनीचा व्यापारी नोंदणी क्रमांक कुठेही नाही, सहीखाली नावही नाही, नुसता शिक्का आहे.

व्हिसाचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. कतारने भारतातून जाणाऱ्या कामगारांसाठी मुंबईसह काही शहरांत कतार व्हिसा केंद्रे सुरू केली आहेत. वर्क व्हिसावर जाणाऱ्याची वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे आणि करारावरची सही ही सर्व कामे निघण्यापूर्वी त्या केंद्रात होतात आणि त्यांचा खर्च मालकाने करायचा असतो. तिथे करार समोर ठेवला जातो, तो वाचता येतो आणि तोंडी ठरलेला पगार व लिहिलेला पगार यांत फरक दिसला तर सही न करता परत येता येते. आपल्याला बिझनेस व्हिसावर पाठवण्याने नेमका हाच टप्पा गाळला जातो. बिझनेस किंवा व्हिजिट व्हिसावर नोकरी करणे हा तिथे गुन्हा ठरतो. ‘महिन्याभरात’ व्हिसा झाला नाही तर दंड, अटक आणि परतीचे तिकीट हे सगळे आपल्या माथी येते. त्या गृहस्थांना एवढेच विचारा की, ‘मला व्हिसा केंद्राची तारीख कधी मिळणार?’ या एका प्रश्नाच्या उत्तरावरून पुष्कळ गोष्टी उघड होतील.

येथे आपल्यासारख्या शिकलेल्या तरुणांच्या बाबतीत एक विचित्र गोष्ट घडते. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ‘ईसीआर’ (परदेशी कामाला जाण्यापूर्वी तपासणी आवश्यक) अशी नोंद असते आणि आखाती देशांसह ठरावीक १८ देशांत कामाला जाण्यापूर्वी त्यांना प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. त्यासाठी करार तपासला जातो आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचा १० लाखांचा अपघात विमा घेणे सक्तीचे असते. आपण दहावी होऊन आयटीआय केले आहे, त्यामुळे आपल्या पासपोर्टवर ही नोंद नसणार आणि मंजुरीही लागणार नाही. सवलत म्हणून हे बरे वाटते, पण त्यामुळे विमान सुटेपर्यंत आपला करार एकाही सरकारी माणसाच्या नजरेखालून जात नाही. जी तपासणी अशिक्षित मजुरासाठी सरकार करते, ती आपल्याला स्वतःच करावी लागते.

ती करण्याची जागा म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचे ई-मायग्रेट संकेतस्थळ. १९८३ च्या एमिग्रेशन (परदेशगमन) कायद्यानुसार परदेशातील नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाने नोंदणी केलेली असली पाहिजे आणि नोंदणी क्रमांक त्याच्या कचेरीत व प्रत्येक जाहिरातीत दिसला पाहिजे. मुंबईत नोंदलेल्या एजंटाच्या क्रमांकात ‘एमयूएम’ ही अक्षरे असतात. मात्र नुसता क्रमांक पाहून थांबू नका. दुसऱ्या एजन्सीचा खरा क्रमांक स्वतःच्या व्हिजिटिंग कार्डावर छापणे ही फार जुनी युक्ती आहे. संकेतस्थळावर तो क्रमांक शोधा, एजन्सीचे नाव व पत्ता अक्षरशः जुळतो का ते पाहा, नोंदणी चालू आहे, संपली आहे की स्थगित आहे तेही तिथे दिसते. मग कार्डावरच्या नाही, तर संकेतस्थळावर दिलेल्या दूरध्वनीवर फोन करून विचारा की, या कंपनीसाठी तुमची भरती चालू आहे का, आणि अमुक गृहस्थ तुमचे कोण? परदेशी मालकाने एजन्सीला दिलेले मागणीपत्र, म्हणजे बोलीभाषेतले डिमांड लेटर, आणि मुखत्यारपत्र दाखवण्याची मागणीही जरूर करा.

आता पैशांबद्दल. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये सेवाशुल्क आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. १८ टक्के धरून ही रक्कम ३५,४०० रुपये होते आणि तिची पावती द्यावी लागते. रोख मागितलेले ४० हजार हे निव्वळ आगाऊ असूनही या मर्यादेच्या वर आहेत. उरलेले ९५ हजार कशाचे, हे आपण विचारलेले नाही आणि त्यांनीही सांगितलेले दिसत नाही.

शेवटी त्या गृहस्थांबद्दल लिहिणे भाग आहे, कारण आपल्या पत्रातला खरा पेच तोच आहे. कोकणातून आखातात जाण्याची वाट दोन-तीन पिढ्यांपासून ओळखीपाळखीनेच चालत आली आहे. चुलत्याने पुतण्याला आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याला नेले, त्यातून गावोगाव घरे उभी राहिली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु नातेवाइकाने आपल्याच कंपनीत जागा पाहून देणे वेगळे आणि दरडोई पैसे घेऊन एजन्सीसाठी मुले गोळा करणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला सब-एजंट म्हणतात आणि नोंदणीकृत एजन्सीलाही असे सब-एजंट नेमण्याची मुभा नाही. ते गृहस्थ मनाने प्रामाणिक असू शकतील, आधीची दोन मुले सुखरूप असतील. पण उद्या काही बिनसले तर एजन्सी म्हणेल की आम्ही या माणसाला ओळखत नाही, त्या गृहस्थांनी पावती दिलेली नसेल आणि गावात राहायचे असल्यामुळे आपणही तक्रार करायला धजावणार नाही. असे व्यवहार बहुतेक वेळा या भिडेपोटीच दबून राहतात. नोंदणीशिवाय भरती करणाऱ्याला कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दंडाचा हा आकडा १९८३ सालचा आहे आणि आजच्या दलालाला तो एका मुलामागच्या चहापाण्याच्या खर्चाइतकाही वाटत नसेल.

एजन्सी खरी निघाली तर थेट तिच्या कचेरीत जाऊन, बँकेतून पैसे भरून आणि वर्क व्हिसावरच जावे. चौकशीसाठी प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८०० ११ ३०९० हा निःशुल्क क्रमांक आहे. तक्रार ई-मायग्रेटवर करता येते किंवा वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या कार्यालयात नेऊन देता येते.

प्रश्न : मी बी.एस्सी. नर्सिंग केले असून जर्मनीला जाण्याची इच्छा आहे. एक एजन्सी जर्मन भाषेचे वर्ग व नोकरी मिळून साडेतीन लाख रुपये मागते आणि माझी मूळ प्रमाणपत्रे ‘सुरक्षिततेसाठी’ ठेवून घेणार आहे. हे योग्य आहे का?
— एक परिचारिका, सांगली

उत्तर : मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्याचे कोणतेही सयुक्तिक कारण नाही, साक्षांकित प्रती आणि त्यांची भाषांतरे पुरतात. पैशांच्या बाबतीत जर्मनीत २०२२ पासून परिचारिकांच्या भरतीसाठी ‘फेअरे अनव्हेर्बुंग’ (न्याय्य भरती) हे शासकीय मानचिन्ह दिले जाते आणि भरतीचा खर्च उमेदवाराने नव्हे, तर मालकाने करावा, हे त्याचे मुख्य तत्त्व आहे. आपल्या एजन्सीच्या जर्मन भागीदाराकडे ते आहे का, हे आधी विचारावे. भाषेच्या वर्गाचा खर्च आणि नोकरी मिळवून देण्याचा खर्च एका रकमेत मिसळू देऊ नका. परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळण्यासाठी सर्वसाधारणपणे बी-टू (वरच्या मध्यम) पातळीची जर्मन लागते आणि ती पुण्या-मुंबईच्या मॅक्समुल्लर भवनात स्वतंत्रपणेही शिकता येते. मान्यता मिळेपर्यंत साहाय्यक म्हणून काम व कमी पगार असतो, तेव्हा करारातील पगार कोणत्या टप्प्याचा आहे आणि मध्येच नोकरी सोडल्यास किती रक्कम परत मागितली जाईल, ही दोन कलमे सहीपूर्वी जाणकाराकडून वाचून घ्यावीत.

प्रश्न : माझ्या मुलाला टेलिग्रामवर पंधरा मिनिटांच्या मुलाखतीनंतर बँकॉकमध्ये डेटा एन्ट्रीची नोकरी मिळाली आहे. पगार ८० हजार, तिकीट कंपनी पाठवणार आणि आमच्याकडून एक रुपयाही मागितलेला नाही. तरीही मन धजत नाही.
— एक पालक, नाशिक

उत्तर : आपले मन बरोबर सांगते आहे. पैसे न मागणे हीच येथे धोक्याची खूण आहे, कारण या व्यवहारात विकला जातो तो माणूस. थायलंडमध्ये भारतीयांना व्हिसाशिवाय पर्यटक म्हणून प्रवेश मिळतो, काम करण्याची परवानगी मात्र त्यातून मिळत नाही. अशा तरुणांना बँकॉकहून मोटारीने माय सोत या सीमेवरच्या गावी नेऊन मोएई नदीपलीकडे म्यानमारमधील म्यावाडी भागात पोहोचवतात आणि तिथे कोंडून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामे करून घेतात. मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी माय सोतहून पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणले, ते अशाच नोकऱ्यांवर गेले होते. मुलगा ऐकतच नसेल तर त्याला इतके तरी सांगा की, बँकॉकमधल्या नोकरीसाठी विमानतळावरून कित्येक तासांचा मोटारप्रवास करावा लागत नाही, आणि गाडी शहराबाहेर पडली की पहिल्याच पेट्रोल पंपावर उतरून भारतीय दूतावासाला फोन करावा. तो क्रमांक कागदावर लिहून त्याच्या खिशात ठेवा, कारण अशा ठिकाणी सर्वांत आधी काढून घेतात तो मोबाइल.