संचालकपदावरून काढत आहेत आणि लाभांशही मिळत नाही : ३० टक्के भागधारकाने काय करावे?

आपण विचारले आहे की, तिघांनी मिळून सुरू केलेल्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत आपले ३० टक्के शेअर आहेत, उरलेल्या दोघांनी आपल्याला संचालकपदावरून दूर करण्यासाठी सभेची नोटीस काढली आहे, लाभांश आजवर कधीच जाहीर झालेला नाही आणि तेच दोघे आता आपले शेअर कवडीमोलाने मागत आहेत, तर आपण काय करावे. मी वकील नाही. अशा कंपन्यांच्या शेअरचे मूल्यांकन करतो, आणि त्या अनुभवावरून सांगतो की आपली खरी लढाई पदासाठी नाही, बाहेर पडतानाच्या किमतीसाठी आहे.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १६९ नुसार, म्हणणे मांडण्याची संधी देऊन, साध्या बहुमताच्या ठरावाने संचालकाला काढता येते, आणि केवळ तेवढ्यावरून दडपशाही सिद्ध होत नाही, असे टाटा सन्स आणि सायरस मिस्त्री यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही आपली बाजू लंगडी नाही. इंग्लंडमध्ये गालिच्यांच्या व्यापारातील दोन भागीदारांनी १९५८ मध्ये कंपनी स्थापन केली, लवकरच एकाचा मुलगा संचालक झाला आणि १९६९ मध्ये बाप-लेकांनी मतांच्या जोरावर दुसऱ्या भागीदाराला, इब्राहिमी यांना, काढून टाकले. नफा नेहमी संचालकांच्या मानधनातूनच वाटला जात असल्याने पद जाताच त्यांचे उत्पन्नही संपले. ठराव नियमानुसार होता, पण परस्पर विश्वासावर आणि सर्वांनी मिळून कारभार पाहण्याच्या समजुतीवर उभ्या राहिलेल्या कंपनीत तो अन्यायकारक ठरतो, असे मानून हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, अपील न्यायालयाने रद्द केलेला कंपनी गुंडाळण्याचा आदेश १९७२ मध्ये पुन्हा लागू केला.

म्हणून ती मूळ समजूत कागदावर दाखवता येणे हेच आपले बळ आहे : सुरुवातीच्या ईमेल, कोणी किती भांडवल घातले याच्या नोंदी, मानधन ठरवलेली इतिवृत्ते. सभा होईपर्यंत आपण संचालक आहात आणि कलम १२८ प्रमाणे हिशेबाची पुस्तके पाहण्याचा आपला हक्क शाबूत आहे, तो याच आठवड्यात बजावा. पद गेल्यावर साध्या भागधारकाला सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते पाहता येतात, खातेवही नव्हे. रागाच्या भरात राजीनामा देऊ नका आणि कंपनीचे ग्राहक स्वतःकडे वळवू नका, कारण मग राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे आपलेच वर्तन तपासले जाते.

कलम २४१ खाली दडपशाहीविरुद्ध अर्ज करण्यासाठी दहावा हिस्सा भांडवल पुरते, म्हणजे आपण पात्र आहात, आणि कलम २४२ खाली हे न्यायाधिकरण इतरांना आपले शेअर विकत घेण्याचा आदेश देऊ शकते. मात्र त्याआधी स्वतंत्र मूल्यांकनकाराकडून किंमत ठरवण्याचा लेखी प्रस्ताव द्या. त्यात दोन गोष्टी नि:संदिग्ध शब्दांत लिहा : मूल्यांकन कोणत्या तारखेचे, आणि अल्पमतातील शेअर म्हणून किमतीत कपात होणार की संपूर्ण कंपनीच्या मूल्याचे सरळ ३० टक्के मिळणार. माझ्या पाहण्यात सर्वाधिक पैसा याच दोन ओळींवर हातचा जातो.