गाडी आतून धुऊन आणल्यापासून एअरबॅगचा दिवा विझत नाही. मेकॅनिक स्टिअरिंगमधली एअरबॅग बदलायला सांगतो. बदलावी का?

तूर्त नको. कोड, म्हणजे गाडीने साठवलेली बिघाडाची नोंद, न वाचता एअरबॅग बदलायला सांगणे म्हणजे अंदाजाने खर्च करायला सांगणे होय. इग्निशन चालू केल्यावर हा दिवा काही सेकंद लागतो, तेवढ्यात एअरबॅगचे मॉड्यूल (तिचे नियंत्रण करणारा छोटा संगणक) आपली सर्व सर्किटे तपासते आणि सारे ठीक असेल तर दिवा विझतो. तो विझत नसेल, तर अपघाताच्या वेळी एअरबॅग उघडेलच याचा भरवसा धरता येत नाही. गाडी नीट चालते यावर जाऊ नये, कारण या यंत्रणेचा इंजिनाच्या कामाशी संबंध नाही.

प्रथम कोड वाचून घ्या. स्वस्तातले ओबीडी स्कॅनर (गाडीच्या तपासणी-सॉकेटला जोडून कोड वाचणारी उपकरणे) बहुधा इंजिनाचेच कोड दाखवतात, म्हणून एअरबॅगच्या मॉड्यूलशी बोलणारा स्कॅनर असलेले गॅरेज गाठा. कोडमधून बिघडलेले सर्किट कळते, बिघडलेला भाग नव्हे. एअरबॅग पेटवणाऱ्या घटकाचा रेझिस्टन्स जेमतेम दोन-तीन ओहम असतो, त्यामुळे कनेक्टरच्या पिनेवर चढलेला किंचित गंजसुद्धा मॉड्यूलला मोठा दोष वाटतो.

तुमच्या बाबतीत माझा संशय पुढच्या सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरांवर आहे. साइड एअरबॅग आणि सीटबेल्टच्या बकलच्या तारा तिथूनच जातात. व्हॅक्यूमची नळी फिरवताना किंवा सीट सोडवताना हे कनेक्टर अर्धवट सुटतात, आणि पाणी शिरले की पिना हिरवट पडतात. अनेक गाड्यांत मॉड्यूल मधल्या कन्सोलखाली जमिनीलगत बसवलेले असल्यामुळे कार्पेट उचलून खाली ओल आहे का, तेही पाहायला सांगा. कोड ड्रायव्हरच्या एअरबॅगचा निघाला आणि हॉर्न किंवा स्टिअरिंगवरची बटणे स्टिअरिंग वळवताना मधूनच बंद पडत असतील, तर मात्र क्लॉक स्प्रिंग, म्हणजे स्टिअरिंगमागची गुंडाळलेली पट्टीकेबल, तुटली असण्याची शक्यता जास्त. ती बदलताना मध्यावर आणूनच बसवावी लागते, नाहीतर पूर्ण वळणावर नवीही तुटते.

हे पिवळे कनेक्टर घरी हलवून पाहू नका. काम करणाऱ्यानेही इग्निशन बंद करून, बॅटरीची निगेटिव्ह तार काढून, गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबायचे असते, कारण मॉड्यूलमधल्या कपॅसिटरात चार्ज शिल्लक राहतो. एअरबॅगच्या टोकांना मल्टिमीटर लावणे तर साफ टाळावे. मीटरच्या क्षुल्लक प्रवाहानेही ती उघडू शकते.

दोष दूर झाल्यावर कोड पुसून घ्या, कारण कित्येक गाड्यांत दिवा त्याशिवाय जात नाही. कोणी बल्बच काढू म्हणाला किंवा एअरबॅगच्या जागी रेझिस्टर जोडून दिवा घालवून देतो म्हणाला, तर त्या गॅरेजातून गाडी बाहेर काढा. जुन्या गाड्यांच्या बाजारात असले प्रकार चालतात. म्हणूनच वापरलेली गाडी घेताना किल्ली फिरवल्यावर हा दिवा आधी लागतो का, हेही पाहावे.