टीममधले लोक अडचणी शेवटपर्यंत लपवतात, नवीन टीम लीडने काय करावं?

प्रमोशनला चार महिने झालेत, हाताखाली नऊ जण आहेत आणि काम अडलंय हे डेडलाइनच्या आदल्या संध्याकाळी कळतं, असं तुम्ही लिहिलंय. मॅनेजमेंटचं पुस्तक सुचवा म्हणताय. पुस्तक राहू द्या, माझी फजिती ऐका.

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी शिफ्ट सुपरवायझर होतो. प्रेस शॉपमध्ये जपानी पद्धतीची अँडन बसवली होती. प्रत्येक मशीनला पिवळं बटण, वर दिवा. अडचण आली की दाबायचं. सहा महिने कुणी दाबलंच नाही आणि मी आपला खूश, काम कसं छान चाललंय! मग एका ब्रॅकेटच्या भोकाला बर (कडेला उरलेला धातूचा धारदार कंगोरा) राहिलेला अख्खा लॉट कस्टमरकडे गेला. दोन दिवस आम्ही सहा जण त्यांच्या गोडाऊनमध्ये उकिडवे बसून एकेक पीस बोटाने चाचपत सॉर्टिंग करत होतो. शेजारी बसलेला ऑपरेटर हळूच म्हणाला, "साहेब, भोक पाडायच्या पंचची धार गेलीय हे मला पहिल्या तासातच कळलं होतं."

"मग बटण का नाही दाबलंस?"

"सुरुवातीला एकदा दाबलं होतं की. तुम्ही आलात आणि आधी विचारलंत, आज किती पीस कमी पडणार?"

मला ते आठवतही नव्हतं.

अडचण आली की तिथेच थांबायचं, ही कल्पना मुळात कापड विणायच्या मागावरची. जपानी संशोधक साकिची टोयोडांचा (टोयोटा मोटार कंपनी पुढे यांच्याच घराण्यातून आली) 1924 चा स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा. (मी इचलकरंजीचा. धागा तुटूनही चालत राहिलेला माग कापडाची काय वाट लावतो ते लहानपणीच पाहिलंय.) पुढे ती मोटारींच्या लाइनवर आली. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना 1982 मध्ये बंद पडला, तोच 1984 मध्ये टोयोटाच्या भागीदारीत 'नुमी' नावाने सुरू झाला. कामगार बहुतेक जुनेच, युनियनही तीच, पण गाड्यांचा दर्जा सुधारला. लोक तिथल्या दोरीचं कौतुक करतात, जी कुठलाही कामगार ओढू शकायचा. पण दोरी ओढली की लाइन लगेच थांबत नाही! दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो. गाडी त्या टप्प्याच्या रेषेपर्यंत पोचायच्या आत अडचण सुटली तर काम चालू, नाही सुटली तरच लाइन थांबते. सगळी मदार त्या धावत येणाऱ्या माणसावर आहे. आणि त्याला धावता येतं कारण त्याच्याकडे जेमतेम पाच-सहा जण असतात.

तुमच्याकडे नऊ जण, शिवाय स्वतःचं काम असेलच. ते आधी साहेबांशी भांडून कमी करून घ्या, नाहीतर तुम्हाला हाक मारून उपयोग नाही हे टीमला आपोआप कळतं. मी एवढंच बदललं, की दिवा लागला की मशीनपाशी जाऊन पहिला शब्द "दाखव". पीसचा हिशोब नंतर. मग बटणं इतकी दाबली जाऊ लागली की त्या महिन्याचं टार्गेट हुकलं. वरून बोलणी बसली, ती मी एकट्याने खाल्ली. खाली पोचू दिली असती तर दिवे पुन्हा विझले असते.

उद्याच्या मीटिंगमध्ये "सगळं ठीक ना?" असं विचारू नका, त्याला "हो" एवढंच उत्तर येतं. "आज कुठे अडलंय?" असं विचारा. दोन-तीन दिवस कुणी तोंड उघडणार नाही, तोवर स्वतःचं अडलेलं सांगत राहा.