‘टोल शेतकरी’ म्हणजे कोण?

प्रश्न असा आला आहे: वेल्समधल्या रिबेका दंगलींवरच्या एका मराठी मजकुरात ‘टोल शेतकऱ्यांच्या जाचाला कंटाळून शेतकऱ्यांनी टोलनाके फोडले’ असं वाक्य आहे. टोल शेतकरी म्हणजे रस्त्याकडेला जमीन असलेले शेतकरी का? आणि शेतकरी शेतकऱ्यांवरच का उठले?

टोल शेतकरी असा कोणी नसतो. मूळ इंग्रजीत ‘टोल फार्मर’ असणार. ‘फार्मर’ दिसला की शेतकरी लिहायचं या सवयीने (किंवा यंत्राने) हा नवा प्राणी जन्माला घातला. त्याला मराठीत तयार शब्द आहे: मक्तेदार. टोलचा मक्ता घेणारा तो टोलचा मक्तेदार.

इंग्रजीतल्या ‘फार्म’चा मुळात शेताशी संबंध नव्हता. लॅटिन ‘फिर्मा’, त्यावरून फ्रेंच ‘फेर्म’, आणि अर्थ ठरीव रक्कम, ठरीव खंड. अशी रक्कम भरून कराची वसुली आपल्याकडे घेणारा तो फार्मर, आणि ठरीव खंडाने जमीन कसणारं कूळ तेही फार्मर. पुढे दुसरा अर्थ फोफावला, पहिला इतिहासाच्या पुस्तकांत उरला. ‘मक्ता’ अरबीतून आलेला, मुळाशी ‘तोडणे’ हा धातू. म्हणजे रक्कम एकदाच तोडून ठरवायची, मग नफातोटा घेणाऱ्याचा. ‘इजारा’ हाही अरबीच. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत जास्त बोली करणाऱ्याला मामलती मक्त्याने दिल्या जात, त्या पद्धतीला इंग्रजी लेखक ‘रेव्हेन्यू फार्मिंग’ म्हणतात. तेव्हा फार्मर आणि मक्तेदार ही जोडी आज जुळवलेली नाही.

‘कंत्राटदार’ का नको? कंत्राट हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द, रोजच्या वापरातला, आणि आजच्या टोलवसुलीला आपण तोच लावतो. तो चुकीचा नाही. पण कंत्राटदार म्हटलं की काम करून बिल लावणारा माणूस आधी डोळ्यांसमोर येतो. टोल फार्मर बिल लावत नसे. तो मालकाला पैसे भरत असे आणि ते, वर नफ्यासह, वाटसरूंकडून काढत असे. पैशाची दिशाच उलटी. मक्तेदार शब्दात ती दिशा दिसते. एक अडचण मात्र खरी आहे. ‘मक्तेदारी’ला आज एकाधिकाराचा अर्थ चिकटला आहे, म्हणून नुसतं ‘मक्तेदार’ न लिहिता ‘टोलचा मक्तेदार’ किंवा ‘नाक्यांचा मक्ता घेतलेला’ असं फोडून लिहावं.

शब्दासाठी इतकी ओढाताण कशाला, असं वाटेल. तर 1839 ते 1843 या काळात वेल्सच्या नैर्ऋत्येला जे घडलं त्याचं निम्मं कारण या मक्त्यातच आहे.

व्यवस्था अशी होती. पार्लमेंटच्या कायद्याने ठरावीक रस्त्यासाठी एक ट्रस्ट नेमला जाई, विश्वस्त म्हणून परिसरातले जमीनदार, पाद्री, बडी मंडळी. ट्रस्टने कर्ज काढायचं, रस्ता सुधारायचा, फाटकं उभारायची आणि टोलमधून व्याज व दुरुस्ती भागवायची. (‘ट्रस्ट’ला ‘धर्मादाय संस्था’ म्हणू नका, ‘रस्ता विश्वस्त मंडळ’ म्हणा.) रोजची वसुली विश्वस्त स्वतः करत बसत नसत, फाटकांचा दर वर्षी लिलाव होई. गेल्या वर्षी जी रक्कम आली ती सरकारी बोली. कायद्यात एका मिनिटाच्या वाळूच्या घड्याळाचीही तरतूद होती. बोली झाली की घड्याळ उलटायचं, तीनदा रिकामं होईपर्यंत वरचढ बोली आली नाही तर मक्ता त्याचा. त्याने एका महिन्याची रक्कम तिथल्या तिथे आगाऊ भरायची, बाकीची दरमहा भरण्यासाठी जामीन द्यायचे.

यात बिघडतं कुठे ते पाहा. बोली गेल्या वर्षीच्या आकड्यावरून सुरू होणार, म्हणजे मक्तेदाराने जीव तोडून वसुली केली तर पुढच्या वर्षी आकडा वर चढणार आणि त्याला आणखी कसून वसुली करावी लागणार. कर्जात बुडालेल्या ट्रस्टला चढता आकडा हवाच असतो. दर कायद्याने बांधलेले, ते मक्तेदाराला वाढवता येत नाहीत. मग त्याच्या हातात एकच उपाय राहतो: फाटक चुकवून आडवाटेने जाणाऱ्यांना गाठायचं. त्यासाठी विश्वस्तांकडून परवानगी काढून आडरस्त्यांच्या तोंडाशी छोटी फाटकं बसवली जात. इंग्रजीत त्यांना ‘साइड बार’ म्हणत. दारू मिळण्याशी याचा काही संबंध नाही, मराठीत ‘आडवाटेवरचे अडसर’ म्हणावं.

1839 मध्ये व्हिटलंड ट्रस्टच्या नाक्यांचा मक्ता थॉमस बुलिन या इंग्रज मक्तेदाराकडे होता. त्याने नेमक्या त्या वाटांवर अडसर बसवले जिथून शेतकरी चुना आणत. त्या भागात पाऊस अतोनात, जमीन आंबट, भाजलेला चुना घातल्याशिवाय पीक हाती लागत नसे. चुन्याच्या भट्ट्या दूर, त्यामुळे उन्हाळ्याच्या तोंडाला गाड्यांची रांग लागे आणि एका खेपेत दोन-तीन वेगवेगळ्या ट्रस्टची फाटकं आडवी येत. एका ट्रस्टची पावती दुसऱ्याकडे चालत नसे. हे शेतकरी बहुतेक कुळंच होती. 1836 च्या कायद्याने चर्चचा दशमांश धान्याऐवजी रोख भरायचा झाला होता, आणि तो ज्या चर्चला जाई तिथे ते पाऊलही ठेवत नसत, त्यांचा पंथ वेगळा आणि प्रार्थनाघरही (चॅपल) वेगळं. पुढे 1842-43 मध्ये मर्थरकडच्या लोखंडाच्या धंद्यात मंदी आली, तिथल्या कामगारांची कमाई घटली आणि या कुळांचं लोणी नि जनावरं खपेनाशी झाली. उत्पन्न घटलं, टोल तेवढाच राहिला.

13 मे 1839 च्या रात्री त्याच भागातल्या एव्हाइलवेन गावचं फाटक फोडलं गेलं. ते परत उभारलं, 6 जूनला परत फोडलं. अखेर विश्वस्तांनी ते नवे अडसर काढून घेतले आणि साडेतीन वर्षं बऱ्यापैकी शांतता राहिली. 1842 च्या हिवाळ्यात प्रकरण पुन्हा पेटलं, ते मात्र अनेक परगण्यांत पसरलं.

आता ‘दंगल’. आजच्या मराठीत दंगल म्हणजे दोन जमावांची मारामारी, नाहीतर कुस्त्या. त्यापेक्षा ‘रिबेकाचे दंगे’ बरं. 1875 मध्ये सुप्यापासून सुरू झालेल्या, सावकारांची कर्जखती जाळणाऱ्या शेतकऱ्यांच्या उठावाला आपण ‘दख्खनचे दंगे’ म्हणतोच. दोन्हीकडे जमावाचा रोख माणसांपेक्षा वस्तूवर होता, तिथे फाटक, इथे कागद. दोन्हीकडे सरकारने चौकशी नेमली आणि नंतर कायदा केला. ‘बंड’ म्हणू नये. राज्य उलथवायचा विचार या मंडळींच्या मनात नव्हता.

प्रत्यक्षात घडे ते अर्धं नाटकच होतं. पुरुष बायकांचे कपडे घालून, तोंडाला काळं फासून, शिंगं फुंकत येत. पुढारी ‘रिबेका’, बाकीच्या तिच्या पोरी. रिबेका आंधळ्या म्हातारीचं सोंग घेऊन काठीने फाटक चाचपे. पोरींनो, वाटेत काहीतरी आडवं आलंय, मला पुढं जाता येईना. काय आहे आई, तुझी वाट कोण अडवील? फाटक दिसतंय गं, कुलूप लावलेलं. मग आई, आम्ही ते मोडून टाकतो! एवढं झालं की कुऱ्हाडी आणि करवती चालत, खांब बुंध्याशी कापले जात, कधी नाकेघरही पाडलं जाई, आणि मंडळी अंधारात पांगत.

हे सोंग आलं ‘केफिल प्रेन’ या जुन्या रिवाजातून. शब्दशः लाकडी घोडा. बायकोला मारणारा, बाहेरख्याली, अशा माणसाला किंवा त्याच्या पुतळ्याला लाकडावर बसवून गावभर मिरवत. याला मराठी शब्द ‘धिंड’, आणि तो बेधडक वापरावा. एक फरक तेवढा सांगायला हवा, नाहीतर मराठी वाचक हमखास उलटं समजेल: आपल्याकडे ज्याची धिंड निघते त्याच्या तोंडाला काळं फासतात, तिथे धिंड काढणारे स्वतःच्या तोंडाला फासत, ओळख लपवायला.

रिबेका ‘आला’ की ‘आली’? इंग्रजीत हा प्रश्न पडत नाही, मराठीत क्रियापद गळ्याशी येतं. ‘आली’च लिहावं. बालगंधर्व स्त्रीपार्ट करत तेव्हा प्रेक्षक सिंधू आली असंच म्हणत. शिवाय रिबेका म्हणजे कोणी एक माणूस नव्हे. एव्हाइलवेनला टुम कार्नाबूथ पुढारी होता असं मानतात, पुढे गावोगावी वेगळी रिबेका. टुम एवढा धिप्पाड की रिबेका नावाच्या एका दांडग्या बाईचेच कपडे त्याला बसले आणि त्यावरून नाव पडलं, ही दंतकथा झकास आहे. पण जास्त पटणारं मूळ बायबलमध्ये आहे. उत्पत्तीच्या 24व्या अध्यायात रिबेकाला निरोप देताना आशीर्वाद मिळतो की तुझी संतती वैऱ्यांचं द्वार काबीज करो. वेल्शमध्ये द्वाराला ‘पोर्थ’ आणि टोलनाक्याला ‘टोलबोर्थ’, त्यामुळे चॅपलमध्ये बायबल मुखोद्गत झालेल्या माणसाला कोटी आपोआप लागे. मराठीत ती आणायची तर या एका जागी नाका न म्हणता ‘टोलचं दार’ म्हणा.

शेवटचा एक शब्द, नाकेदार. फाटकाशी राहून पैसे घेणारा मक्तेदार नसे, तो त्याचा पगारी माणूस. त्याला ‘टोलवाला’ म्हटलं तर दोघांची गल्लत होते आणि इथे ती परवडणारी नाही. सप्टेंबर 1843 मध्ये हेंडीच्या नाक्यावर सेरा विल्यम्स ही म्हातारी नाकेदारीण गोळी लागून मेली. नाकेघराला आग लागली होती, ती शेजाऱ्यांकडे मदत मागून परत आली होती. पंचांनी मृत्यूचं कारण छातीत रक्त साचणं एवढंच लिहिलं आणि ते कशाने झालं ते माहीत नाही म्हणाले. लिलावात बोली लावणारा त्या रात्री तिथे नव्हता.

1844 च्या कायद्याने दक्षिण वेल्समधले ट्रस्ट मोडून परगणावार रस्ता मंडळं केली, टोल एकसारखा केला, चुन्यावरचा निम्म्यावर आणला.

तेव्हा मूळ वाक्य असं दुरुस्त करावं: ‘टोलच्या मक्तेदारांनी आडवाटांवर बसवलेल्या अडसरांना कंटाळून कुळांनी नाके फोडले.’ आणि त्याच मजकुरात ‘एफाइलवेन’ छापलं असेल तर तेही बदलावं. वेल्शमध्ये एकेरी एफचा उच्चार ‘व्ह’ होतो, ‘फ’ हवा असेल तर दोन एफ लागतात, केफिलमध्ये आहेत तसे.