जेम्स वेब दुर्बिणीच्या फोटोंमधले रंग खरे असतात की संगणकावर भरलेले?

भरलेले असतात, पण मनाला येईल तसे नाही.

आधी एक गोष्ट: वेब काय नि तिच्या आधीची हबल ही अवकाश दुर्बीण काय, दोन्हींचे कॅमेरे मुळात कृष्णधवल चित्रंच टिपतात. वेगवेगळे फिल्टर लावून एकाच जागेचे अनेक फोटो घेतात, मग प्रत्येकाला एकेक रंग देऊन ते एकत्र करतात.

वेबची अडचण अशी की ती साधारण 0.6 ते 28 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीचा प्रकाश पाहते. आपल्या डोळ्यांची मजल 0.7 मायक्रॉनच्या आसपास संपते. म्हणजे बहुतेक सगळं अवरक्त, आपल्याला न दिसणारं. म्हणून क्रम सांभाळून रंग देतात. सर्वांत लांब तरंगलांबीला लाल, आखूडला निळा. गाण्याची पट्टी बदलावी तसं. चाल तीच राहते.

हबलनं 1995 साली टिपलेले गरुड तेजोमेघातले वायू आणि धुळीचे ते प्रसिद्ध खांब घ्या. तिथे गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला होता. गंमत म्हणजे हायड्रोजनचा तो प्रकाश प्रत्यक्षात लालच असतो! गंधकाचाही लाल. दोन्ही लाल ठेवले असते तर कुठला वायू कुठे आहे हे कळलंच नसतं. वेबनं 2022 मध्ये तेच खांब टिपले, तेव्हा धुळीआडचे असंख्य तारे दिसू लागले. मला विचाराल तर देखणा फोटो हबलचाच.

जाता जाता: ठळक ताऱ्याला चार टोकं दिसली तर फोटो हबलचा, सहा मोठी आणि दोन बारकी दिसली तर वेबचा.